दुर्बीण पारखायची कशी? शिक्का वाचा, मग काच वाचा

पितळेची जड दुर्बीण, वर ऐटीत कोरलेलं: ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’. विकणारा छातीठोकपणे सांगतो, पहिल्या महायुद्धातला माल आहे. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा आपल्या बडोद्याच्या शुक्रवारी बाजारात असा नग हाती आला, तर एक साल आठवा: १९४७. दोन जुन्या ब्रिटिश कंपन्या एकत्र येऊन केल्विन अँड ह्यूज ही कंपनी जन्मली ती त्या साली. म्हणजे दुर्बिणीवर कोरलेलं साल कंपनीच्या जन्माच्या तीस वर्षं आधीचं!

तिचंच भावंड म्हणजे ‘व्हिक्टोरियन मरीन टेलिस्कोप, लंडन, १९१५’. राणी व्हिक्टोरिया वारली १९०१ च्या जानेवारीत. १९१५ साली गादीवर होता तिचा नातू पंचम जॉर्ज. मोजणीची आणि ड्रॉइंगची उपकरणं बनवणारं उत्तराखंडातलं रुरकी शहर अशा पितळी होकायंत्रांसाठी आणि दुर्बिणींसाठीही ओळखलं जातं. कारागिरी सुरेख असते, दिवाणखान्यात शोभूनही दिसते. शोभेची वस्तू म्हणून जरूर घ्या. पक्षी बघायला मात्र नको, आणि महायुद्धाचे पैसे तर मुळीच मोजू नका.

बडोदेकराला दुर्बीण हवीच

थंडी पडायला लागली की रविवारी पहाटे डभोईच्या रस्त्याला गळ्यात दुर्बिणी अडकवलेली मंडळी दिसू लागतात. त्यांना जायचं असतं वढवाणा तलावावर. बडोदे संस्थानाने १९१० साली शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत गेला, म्हणजे जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची गणना झाली. मध्य आशियातून येणारे पट्टकादंब हंस, लालसरी, थापट्या असे पाहुणे इथे हिवाळा काढतात. पाणी रुंद आणि पक्षी लांब, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसतात ते काळे ठिपके. शहरातसुद्धा विश्वामित्रीच्या पुलावरून ऊन खाणारी मगर नीट बघायची तर दुर्बीण लागते.

मग सुरू होते खरेदी, आणि पहिला प्रश्न ठरलेला: ‘ओरिजिनल आहे ना?’ त्यात खरं तर दोन प्रश्न आहेत. ही बनली कुठे? आणि हिच्यात मोल किती? दहा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंतच्या मधल्या पट्ट्यात या दोन प्रश्नांची सर्वांत जास्त गल्लत होते. तीनशे रुपयांचं खेळणं आणि तीन लाखांची ऑस्ट्रियन दुर्बीण कुणीही ओळखेल. मधली ओळखायला थोडी माहिती लागते आणि ती माहिती भलतीच मजेदार आहे.

नऊ सेंटिमीटरचा हिशोब

दुर्बिणीवरचे दोन आकडे, समजा ८×४२. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो. दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. जत्रेतल्या दुर्बिणीवर लिहिलेलं असतं ६०×९०. म्हणजे पुढची प्रत्येक काच नऊ सेंटिमीटरची हवी, दोन्ही मिळून किमान अठरा सेंटिमीटर रुंदी झाली. हातातली दुर्बीण तर तळहातात मावते! शाळेची पट्टी काचेवर धरा, लबाडी पाच सेकंदांत उघडी पडते.

दुसरा पुरावा हाताच्या थरथरीचा. साठ पट मोठं दिसणार म्हणजे हाताचा कंपही साठ पट दिसणार. म्हणून हातात धरायच्या चांगल्या दुर्बिणी ८ किंवा १० पटीच्या असतात, बारा पटीलाच हात दमतो. ‘डे अँड नाइट’ असं छापलेलं असलं तर तेही सोडून द्या. साधी दुर्बीण अंधारात स्वतःचा उजेड आणत नाही, येईल तेवढाच गोळा करते.

आणि ती लालचुटुक काच? तिला ‘रुबी कोटिंग’ म्हणतात. दिसायला झोकदार, पण लाल दिसते याचा अर्थ लाल प्रकाश बाहेर परत फेकला जातोय. डोळ्यापर्यंत उरतं ते हिरवट-निळसर चित्र. लालसरीचं तांबूस डोकं ज्यातून फिकं दिसेल ती दुर्बीण काय कामाची?

उलटी करा, नाव वाचा

बडोद्याच्या अलेम्बिकच्या काचकारखान्याचे ‘येरा’ पेले ज्यांनी वापरलेत, त्यांना पेला उलटा करून बुडाचं नाव वाचायची सवय असेल. दुर्बिणीलाही तेच करा. मोठं नाव मिरवतं वरच्या बाजूला, पण जन्माचा दाखला असतो बिजागरीच्या खाली, पुढच्या काचेजवळ, कधी तिपाईच्या आट्याच्या झाकणाखाली, अगदी बारीक अक्षरांत.

जुन्या दुर्बिणींवरच्या खुणा म्हणजे तर हेरगिरीचा खजिनाच. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ लिहिलेलं दिसलं तर तो नग दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९४७ ते १९५२ या काळातला. जपान तेव्हा अमेरिकी ताब्यात होता आणि निर्यातीच्या मालावर तसं लिहावं लागे. त्यानंतरच्या जपानी दुर्बिणींच्या बिजागरीवर ‘जेबी’ किंवा ‘जेई’ आणि पुढे एक आकडा सापडतो. हे कारखान्यांचे सांकेतिक क्रमांक. वर नाव कुठल्याही अमेरिकी दुकानाचं असो, खाली खरा कारखाना नोंदलेला! सोबत सोनेरी लंबगोल ‘पास्ड’ स्टिकर असेल तर तो जपानच्या दुर्बीण तपासणी संस्थेचा. हे स्टिकर चिकटलेला आणि चांगला राखलेला जुना जपानी नग मिळाला तर माझ्या मते तो सोडू नये.

जर्मन लष्करी दुर्बिणींवर दुसऱ्या महायुद्धात कंपनीचं नावच नसे. शत्रूला कारखाना कळू नये म्हणून तीन छोटी अक्षरं असत. ‘बीएलसी’ म्हणजे जेना शहरातली झाइस, ‘बीईएच’ म्हणजे लाइट्झ (लायका कॅमेरावाले), ‘सीएजी’ म्हणजे स्वारोव्स्की. ज्या अक्षरांनी तेव्हा नाव लपवलं, त्याच अक्षरांमुळे आज संग्राहक जादा पैसे मोजतात. आणि जिथे जादा पैसे, तिथे नकली ठसेही आलेच.

सोव्हिएत दुर्बिणी भारतात पुष्कळ आल्या. दणकट, रांगड्या, बहुतेकदा ८×३०. रशियन लिपीतली ‘बे-पे-त्से’ ही तीन अक्षरं म्हणजे मध्यभागी फोकस असलेली प्रिझमची दुर्बीण. कझान आणि झागोर्स्क ही तिची दोन मोठी माहेरं. अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा निर्मितीचं साल सांगतात: ८५ ने सुरुवात असेल तर १९८५. चित्र जरा पिवळसर दिसतं, पण धार चांगली. साफसूफ नग दोन-तीन हजारांत मिळाला तर त्या किमतीत त्याला तोड नाही.

एक जेना, दोन झाइस

नकलांचा सर्वांत जास्त जाच ज्या नावाला झाला ते नाव म्हणजे झाइस. कारणही तसंच आहे. इटलीच्या इग्नात्सियो पोरो याने प्रिझम वापरून चित्र सुलटं करायची युक्ती १८५४ मध्ये पेटंट केली, पण त्याला हवी तशी स्वच्छ काच तेव्हा कुणी बनवतच नव्हतं. चाळीस वर्षांनी, १८९४ मध्ये, जेनाच्या झाइसने काचतज्ज्ञ शॉटच्या नव्या काचेतून तीच युक्ती यशस्वी करून बाजारात आणली. आजची प्रिझमची दुर्बीण तिथून सुरू होते.

दुर्बिणीची काच म्हणजे जर्मनी, हे समीकरण इतकं पक्कं होतं की पहिल्या महायुद्धात त्याने इतरांची झोप उडवली. १९१५ मध्ये ब्रिटनने चक्क शत्रूकडून, म्हणजे जर्मनीकडून, दुर्बिणी मिळवायची बोलणी केली होती, अशी नोंद ब्रिटनच्या दारूगोळा खात्याच्या अधिकृत इतिहासातच आहे. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिथल्या नौदलाने लोकांच्या घरातल्या दुर्बिणी उसन्या मागितल्या. प्रत्येकीमागे एक डॉलर भाडं. आवाहनाखाली नाव होतं नौदलाच्या तरुण सहायक सचिवाचं: फ्रँकलिन रूझवेल्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते!

दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसचे दोन तुकडे झाले. काही तंत्रज्ञ अमेरिकनांनी पश्चिमेला नेले. जेनाच्या कारखान्यातली यंत्रं आणि काही माणसं १९४६ मध्ये रशियनांनी उचलली. एक झाइस पश्चिम जर्मनीत ओबरकोखेनला, एक पूर्व जर्मनीत जेनाला. नावावरून कज्जे चालले, म्हणून काही देशांत पूर्वेचा माल ‘आउस येना’ अशा नावाने विकला गेला. म्हणजे त्यावर झाइस हे नाव नसलं तरी वस्तू अस्सल! याउलट ‘कार्ल झाइस जेना’ असं ठळक नाव मिरवणारे नकली नग जगभर फिरतात. बघायचं काय? अक्षरं कोरलेली आहेत की नुसती छापलेली. अनुक्रमांक आहे का. आकडे पट्टीशी जुळतात का. नाव झाइसचं आणि काच लाल रुबीची, तर लगेच खाली ठेवा.

चीनचं नाव ऐकून नाक मुरडू नका

आता थोडं मनापासून सांगतो. मधल्या पट्ट्यातली दुर्बीण उलटी केली आणि ‘मेड इन चायना’ दिसलं की आपल्याकडे चेहरे पडतात. ते चूक आहे. निकॉनच्या मोनार्क एम५ आणि एम७, व्होर्टेक्सची डायमंडबॅक, एवढंच काय झाइसची टेरा ईडी, या सगळ्या चीनमध्ये बनतात आणि चांगल्या दुर्बिणी आहेत. जपानमध्ये बनणारी निकॉनची मोनार्क एचजी किंवा कोवाची जेनेसिस पाहायची तर खिसा दुपटीहून जास्त हलका करावा लागतो. लायका नाव जर्मन, पण १९७३ पासून तिचा एक कारखाना पोर्तुगालमध्ये आहे.

चीनमधल्या दुर्बिणींची परंपराही कालपरवाची नाही. युनान प्रांतातल्या कुनमिंग शहरात, जपानी आक्रमणापासून लांब, १९३९ मध्ये सैन्यासाठी दुर्बिणी बनवणारा कारखाना उभा राहिला. ८५ हून जास्त वर्षांचा हा हात आहे. आज कुनमिंगहून जगभरच्या किती तरी नावांची दुर्बीण निघते. एकाच कारखान्याचा एकच सांगाडा तीन नावांनी, तीन रंगांत, तीन किमतींना विकला जातो. जपानमध्येही हेच चालतं. कामाकुरा कोकी ही कंपनी १९५० पासून दुर्बिणी बनवते, पण ग्राहकाला तिचं नाव सहसा माहीत नसतं, कारण ती दुसऱ्यांच्या नावाने बनवते.

मग फरक कशात? कारखाना एकच असला तरी मागणी वेगळी. एक कंपनी म्हणते प्रत्येक काचेवर सगळे थर द्या आणि शंभरातले दहा नग नापास करा. दुसरी म्हणते चार थर कमी चालतील, नापास कुणालाच करू नका. त्यामुळे देशाचं नाव कळल्यावर काम अर्धंच झालेलं असतं. उरलेलं अर्धं काच हातात घेऊन करायचं.

बारकोडबद्दल एक गैरसमज

८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे माल भारतात बनला, आणि ६९० म्हणजे चीनचा, असं बरेच जण छातीठोक सांगतात. हा क्रमांक फक्त कंपनीची नोंदणी कुठे झाली ते सांगतो. चीनमध्ये बनलेल्या डब्यावरही ८९० असू शकतो. खरी माहिती डब्याच्या लेबलवर असायला हवी. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार आयात वस्तूवर मूळ देश, आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किंमत छापणं बंधनकारक आहे. ऑनलाइन विकणाऱ्यालाही २०२० च्या नियमांनुसार मूळ देश दाखवावा लागतो. लेबलच नसेल तर तो माल आडमार्गाने आलेला असण्याची दाट शक्यता, आणि अशा नगाला भारतातली वॉरंटी सहसा लागू होत नाही. दोन-तीन हजार स्वस्त पडतो खरा, पण फोकसचं चाक अडकलं की ती बचत कुठल्या कुठे जाते.

शब्दांकडेही लक्ष द्या. ‘जर्मन ऑप्टिक्स’, ‘जपानी तंत्रज्ञान’, ‘डिझाइन्ड इन यूएसए’ यांपैकी एकही वाक्य दुर्बीण कुठे बनली ते सांगत नाही. ‘एचडी’ला दुर्बिणीत ठरलेलं माप नाही. ‘ईडी’ म्हणजे रंग कमी फाकवणारी काच, पण किती कमी म्हणजे ईडी, याची सर्वांना बांधणारी रेषा कुणी आखलेली नाही. म्हणून एक ईडी दहा हजारांना आणि दुसरी एक लाखाला.

काच स्वतः बोलते

आता सगळ्यांत रसाळ भाग. यंत्र नको, प्रयोगशाळा नको.

दुर्बीण हातभर लांब धरा, पुढच्या काचा उजेडाकडे, म्हणजे आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे करा. सूर्याकडे चुकूनही नको. डोळ्याकडच्या काचेत प्रकाशाचं एक छोटं वर्तुळ दिसेल. ८×४२ मध्ये ४२ भागिले ८, म्हणजे साधारण सव्वापाच मिलिमीटरचं. हे वर्तुळ सगळीकडून सारखं गोल आणि उजळ दिसलं तर प्रिझमची काच चांगली. कडा कापल्यासारख्या, चौकोनी, करड्या दिसल्या तर तिथे स्वस्त बीके-७ काच असणार. तिचा अपवर्तनांक १.५१७, चांगल्या बीएके-४ काचेचा १.५६९. एवढ्याशा फरकाने कोपऱ्यातला प्रकाश प्रिझममधून निसटून जातो. डब्यावर ‘बीएके-४’ छापायला शाईच लागते, वर्तुळ मात्र खोटं बोलत नाही. आणि हे वर्तुळ आकड्यांच्या हिशोबापेक्षा फारच लहान भरलं, तर आत कुठेतरी कडी बसवून काचेचा रस्ता अरुंद केलाय, हेही कळतं.

काचेवरच्या थरांची गंमत आणखी मोठी. बिनथराच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत उलटतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे सोळा पृष्ठभाग धरले तर पलीकडे जेमतेम ५२ टक्के उजेड पोचतो. निम्मी पहाट वाया! तोच उलटणारा प्रकाश अर्ध्या टक्क्यावर आणला की ९२ टक्के पोचतो. प्रकाश उलटू न देणारा हा पातळ थर झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये शोधला. आधी ती लष्करी बाब म्हणून गुप्त राहिली.

म्हणून शब्दांत फार फरक आहे. ‘कोटेड’ म्हणजे कुठल्या तरी एका काचेवर एक थर. ‘फुली कोटेड’ म्हणजे सगळ्या काचांवर एकेक. ‘मल्टी-कोटेड’ म्हणजे काही काचांवर अनेक. आणि ‘फुली मल्टी-कोटेड’ म्हणजे सगळ्यांवर अनेक थर. मधल्या पट्ट्यात याहून कमी घेऊ नका. पडताळायचं कसं? अंधाऱ्या खोलीत पुढच्या काचेवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. आत दिव्याची बरीच प्रतिबिंबं दिसतील. हिरवी, जांभळी, निळसर असतील तर थर आहेत. एखादं ठसठशीत पांढरं दिसलं तर तो पृष्ठभाग उघडाबोडका. याच उजेडात आतली बुरशीही दिसते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. आपल्याकडचा पावसाळा काचेला मानवत नाही. बुरशीने थर कोरून टाकला तर पुसून तो परत येत नाही. वापरलेली दुर्बीण घेताना ही एक तपासणी टाळली तर बाकी सगळ्या फुकट.

सरळ नळ्यांची दुर्बीण घेत असाल तर आणखी एक शब्द शोधा: फेज कोटिंग. सरळ नळीत ‘रूफ’ प्रिझम असतं. छपराच्या आढ्यासारखी त्याची धार अतिशय अचूक लागते, शिवाय त्यात प्रकाशाच्या लहरी थोड्या मागेपुढे होऊन चित्राची धार बोथट होते. त्यावरचा उपाय झाइसने १९८८ मध्ये आणला. म्हणजे १९८८ च्या आधीच्या रूफ दुर्बिणीला फेज कोटिंग आहे असं कुणी सांगितलं तर ते शक्यच नाही! बहुतेक रूफ दुर्बिणींत प्रिझमच्या एका बाजूला आरशाचा मुलामाही लागतो. अॅल्युमिनियमचा साधारण नव्वदीच्या घरात प्रकाश परतवतो, चांदीचा त्याहून जास्त आणि ‘डायलेक्ट्रिक’ ९९ टक्क्यांच्या वर. पैसे मुरतात ते इथे.

पोरो प्रिझमला, म्हणजे खांद्यात वाकडी असते त्या जुन्या घाटाच्या दुर्बिणीला, यांतलं काहीच लागत नाही. म्हणून सारख्या पैशांत पोरोचं चित्र बहुतेक वेळा सरस निघतं. तिला जुनाट म्हणून बाजूला सारणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

वारकऱ्यावर परीक्षा

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच दुर्बिणी छान दिसतात. बाहेर या. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेचा प्रचंड घुमट आकाशावर उठून दिसतो, त्याची कड धरा. कडेला जांभळी किंवा हिरवी किनार दिसते का? मध्यभागी थोडीही दिसली तर काच साधारण. टोकाला जराशी दिसली तर मधल्या किमतीत चालेल. तलावावर हीच परीक्षा घ्यायला वारकरी पक्षी उत्तम. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, पांढरी चोच. त्या पांढऱ्याभोवती जांभळी रेघ उमटली की समजा ईडी अक्षरं नुसतीच छापलेली आहेत.

मग विजेची लांबची आडवी तार बघा आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर न्या. दोन्ही नळ्यांतली तार एकाच पातळीत राहायला हवी. एक वर, एक खाली दिसली तर नळ्या जुळलेल्या नाहीत. अशी दुर्बीण दहा मिनिटांत डोकं दुखवते. स्वस्त नव्या नगांत आणि पडलेल्या जुन्या नगांत हा दोष सर्वांत जास्त सापडतो, आणि तो दुरुस्त करणारा जाणकार कारागीर मिळणं फार कठीण झालंय. हा दोष दिसला की किंमत विचारूच नका.

चश्मा असेल तर तो न काढता बघा, गोल पूर्ण दिसतो का. फोकसचं चाक उलटसुलट फिरवा, मध्ये पोकळ फिरता कामा नये. ‘वॉटरप्रूफ’ म्हणतात तर आयपीएक्स-७ लिहिलंय का पाहा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आत नायट्रोजन भरलेला असेल तर आपल्या दमट हवेत बुरशीचं भय बरंच कमी होतं.

काचेच्या दर्जाची ही काळजी दुर्बिणीइतकीच जुनी आहे, बरं का. हॉलंडच्या हान्स लिपरहाइने १६०८ मध्ये दुर्बिणीचं पेटंट मागितलं, तेव्हा तिथल्या सरकारने त्याच वर्षी त्याला दोन डोळ्यांची बनवायला सांगितली आणि वर अट घातली: काच नको, स्फटिक वापर! तेव्हाच्या काचेवर गिऱ्हाइकाचा भरवसा नव्हता.

आणि भारतीय दुर्बीण?

आहे. देहरादूनचा आयुध कारखाना १९४३ पासून सैन्यासाठी दृष्टियंत्रं आणि दुर्बिणी बनवतो. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध कारखान्यांची नव्या सरकारी कंपन्यांत विभागणी झाली, तेव्हा तो इंडिया ऑप्टेल या कंपनीत गेला. कोलकात्याच्या मध्यवर्ती काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेने दृष्टियंत्रांसाठी लागणारी काचही देशात बनवून दाखवली. हे कसब देशात असताना पक्षी बघणाऱ्या सामान्य माणसाला परवडेल आणि दुकानात सहज मिळेल अशी भारतीय ८×४२ अजून दिसत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. रामसर तलाव आपले, पाहुणे पक्षी आपले, बघणारे डोळेही आपले. मग दुर्बीणही आपली का नसावी?

तर मग किती मोजायचे?

माझा कौल असा. दहा ते पंधरा हजारांत नामांकित कंपनीची पोरो प्रिझमची ८×४० किंवा ८×४२ घ्या, मग ती चीनची असो. वीस ते पस्तीस हजारांत फेज कोटिंग, डायलेक्ट्रिक मुलामा, फुली मल्टी-कोटेड काच आणि आयपीएक्स-७ हे चारही असलेली रूफ घ्या. चारातलं एकही कमी असेल तर पंचवीसच्या वर जाऊ नका. दहा पटीच्या मोहात पडू नका, वढवाण्यावर आठच पुरते आणि चित्र स्थिर राहतं. आणि कुणी आठ हजारांत नवीकोरी ‘मेड इन जपान’ रूफ दुर्बीण देऊ केली तर घेऊच नका, त्या किमतीत तिथे ती बनतच नाही.

खरेदीआधी एका रविवारी वढवाण्याला जा. तिथल्या पक्षिमित्रांना विचारलंत तर ते आपली दुर्बीण आनंदाने डोळ्याला लावू देतात. तीन-चार वेगवेगळ्या डोळ्याला लावून बघितल्या की दुकानदाराचं बोलणं वेगळं आणि काचेचं बोलणं वेगळं ऐकू येऊ लागतं. डब्यावर मूळ देश नसेल, किंवा खोट्या नावाचा माल गळ्यात मारला गेला असेल, तर गप्प बसू नका. पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. क्रमांक आहे १९१५.